शून्य नंबरची डबी

१

सोमवारी सकाळी ताईचं पहिलं काम डब्या मोजण्याचं. तेरा डब्या, पत्र्याच्या, गोल, तळहातावर मावतील एवढ्या, आणि झाकणं अशी घट्ट की नखं तुटावीत. प्रत्येक डबीत मनगटावर घालायची एक रबरी पट्टी. पट्टी आधी दोन दिवस भट्टीत तापवून स्वच्छ करायची, मग हातमोजे घालून डबीत भरायची आणि डब्या अग्निशमन केंद्रावर पाठवायच्या. तिथले बारा जवान आठवडाभर त्या पट्ट्या घालून फिरत. आगीत अंगावर येणारा धूर रबर शोषून घेतं. पट्ट्या परत आल्या की ताई प्रत्येकीचा नखाएवढा तुकडा कापायची, द्रवात भिजवून मशीनला द्यायची, आणि मशीन सांगायचं की काय काय जळलं आणि त्यातलं किती विष माणसापर्यंत पोचलं.

पहिल्या दिवशी जवानांनी हात पाठीमागे घेतले होते. "आता आम्हाला बांगड्या भरायला आलात होय?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पण ती त्यांच्यातल्याच एकाची थोरली बहीण निघाली, तो तिला ताई म्हणायचा, म्हणून बाराही जण ताई म्हणायला लागले आणि मुकाट्याने हात पुढे केले.

डब्या तेरा आणि जवान बारा. तेरावी डबी शून्य नंबरची. तिच्यातली पट्टी कुणी घालायची नाही. ती गाडीतून सगळ्यांबरोबर जाते, आठवड्यातून एकदा तिचं झाकण एक मिनिट उघडायचं, घड्याळ लावून, आणि पुन्हा बंद करायचं. ती कोरी परत आली की बाकी बारांचे आकडे खरे मानायचे. तिच्यावरच धूर सापडला तर सगळ्या आठवड्याचं काम पाण्यात. त्या एका मिनिटाबद्दल ताई इतकी कडक होती की केंद्रात तिच्या नकला चालायच्या.

धाकट्याचा नंबर नऊ. केंद्रात त्याला शिट्टी म्हणत. आगीत जाताना पाठीवर हवेचं सिलिंडर असतं, आणि त्यातली हवा पाव हिस्सा उरली की त्याला बसवलेली शिट्टी आपोआप वाजू लागते. सगळ्यांच्या आधी ती ह्याचीच वाजायची. अंगाने दांडगा, श्वासही तसाच. दुसऱ्याला अर्धा तास पुरणारं सिलिंडर हा वीस मिनिटांत संपवायचा.

नऊ नंबरचे आकडे पहिल्या महिन्यापासून सगळ्यांत वाईट होते. त्याला खोकला होता, रात्रंदिवस, कोरडा. पाहणी संपल्यावर ज्याचे आकडे सर्वांत वर, त्याला वर्षभर आगीवर न पाठवता कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवायचं, असं ठरलेलं होतं. ताईला तेच हवं होतं. शास्त्राच्या नावाखाली भावाला घरी सुखरूप ठेवायचा हा बेत होता, आणि त्याची तिला काडीचीही लाज वाटत नव्हती.

२

गाद्या आणि सोफ्यांचं एक गोदाम होतं. ते दुपारी पेटलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसत राहिलं. धाकटा आत चार मिनिटं कुणाला दिसला नाही, आवाजालाही ओ देईना. मग मागच्या बाजूने आपला आपण चालत बाहेर आला. घरी त्याने हे सांगितलं ते जेवता जेवता, मीठ मागावं तसं.

त्या आठवड्याच्या पट्ट्या आल्या. मशीन चालवणारे काका निवृत्तीला आलेले, कशाचं नवल म्हणून वाटून घेत नसत. त्यांनी कागद ताईपुढे ठेवला.

"अकरा जण कोळसा झालेत," ते म्हणाले. "तुझा भाऊ मात्र आंघोळ करून आलाय."

नऊ नंबर स्वच्छ होता. नुसता कमी नव्हे. भट्टीतून काढलेल्या नव्या पट्टीवर जेवढं दिसतं तेवढंच. आणि शून्य नंबरवर फोम होता, रंग होता, प्लॅस्टिक होतं, अख्खं गोदाम होतं.

"अदलाबदल," काका म्हणाले. "ह्याची त्यात, त्याची ह्यात. ही पोरं काय डबी बघून पट्टी टाकतात?"

तसंच असणार, हे ताईलाही पटलं. शून्याच्या आलेखात शेवटी एक रुंद टोक होतं, ते कातडीच्या तेलाचं. म्हणजे ही पट्टी कुणीतरी घातली होती, घाम येईस्तोवर. अदलाबदलच. तिने वहीत तशी नोंद केली, शून्याची पट्टी परत डबीत घातली, झाकण दाबलं आणि डबी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

एकच गोष्ट तिला टोचत राहिली. नऊच्या डबीतल्या पट्टीवर नऊचाच आकडा कोरलेला होता आणि शून्याच्या डबीतल्या पट्टीवर शून्याचा. आकडे ती स्वतः कोरायची.

३

घरी आनंदीआनंद होता. धाकट्याचा खोकला गेला होता. आधी कमी झाला, मग गेला असं नाही, गोदामाच्या दिवसापासून एकदाही तो खोकला नव्हता.

"कपड्यांनाही आता वास मारत नाही गं," आई म्हणाली. "पूर्वी दोन-दोनदा धुवावे लागायचे. आता कसे, घातलेच नाहीत असे येतात."

आईने हे कौतुकाने सांगितलं. ताईने शर्ट नाकाशी नेला. धुराचा वास नव्हता. घामाचा, साबणाचा, कशाचाच नव्हता.

त्याच संध्याकाळी वीज गेली. लहानपणी वीज गेली की दोघं आईच्या मागे लपत. नोकरी लागल्यावर धाकट्याने ताईला अंधारात चालायला शिकवलं होतं. हाताची मागची बाजू भिंतीला लावायची, तळवा नाही. वायर असली तर बोटं आतल्या बाजूला आखडतात आणि माणूस वाचतो. भिंत सोडायची नाही, भिंत कुठेतरी दाराशी नेतेच. आणि वाटेत दुसऱ्याचा हात लागला तर दोनदा टेकवायचं, टक टक, म्हणजे मी आहे. वीज गेली की तो मुद्दाम असा चालत यायचा आणि ताईच्या हातावर टकटक करून तिला दचकवायचा. तिशी आली तरी ही खोड सुटली नव्हती.

आज तो आतल्या खोलीतून सरळ आला. भिंतीला हात नाही, पाय चाचपणं नाही. टेबल, दोन खुर्च्या, आईची शिवणाची मशीन, सगळ्यांना वळसे घालत आला आणि ताईसमोर बसला.

"मेणबत्ती लावू का रे?" ताईने विचारलं.

"तुला हवी असेल तर लाव."

आईला मेणबत्ती सापडेपर्यंत दोघं समोरासमोर बसून होती. ताईला आईचा श्वास ऐकू येत होता, ती तर स्वयंपाकघरात होती. समोरून काही ऐकू येत नव्हतं. घर म्हटलं की आवाज असतात, कुठला श्वास कुणाचा हे कोण मोजत बसतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

४

पुढच्या सोमवारी तिने नऊ नंबरची नवी पट्टी भावाच्या मनगटावर स्वतः चढवली आणि वर सीलबंद कागदी फीत चिकटवली, आपली सही करून. सात दिवसांनी ती फीत जशीच्या तशी होती. त्या आठवड्यात दोन आगी झाल्या होत्या, एक टायरची.

पट्टी स्वच्छ निघाली. धूर नाही, आणि कातडीचं तेलही नाही. सात दिवस मनगटावर राहिलेल्या रबराला मनगट लागलंच नव्हतं.

"मशीन बिघडलं असेल," ती म्हणाली.

काकांना हा अपमान वाटला. त्यांनी तोच तुकडा तीनदा चालवला आणि शेवटी म्हणाले, "मशीनला नावं ठेवायची असतील तर मला आधी घरी जाऊ दे."

मशीन ठीक आहे का हे बघण्यासाठी तिने कपाटातली शून्याची डबी काढली. जुन्याच पट्टीचा दुसरा तुकडा कापला. डबी पंधरा दिवस कुलपात होती, किल्ली तिच्या पर्समध्ये. मशीन ठीक असेल तर पहिलाच आकडा यायला हवा होता.

आकडा दुप्पट झाला होता. धूर तोच, गोदामाचा, फक्त जास्त. कातडीचं तेलही जास्त.

ताईने डबीचं झाकण दाबून बसवलं आणि हात तसाच त्यावर ठेवला. तिला भीती वाटली. कशाची ते तिला सांगता आलं नसतं.

५

केंद्रावर गाडी चालवणारे मामा होते. डब्या त्यांच्याच ताब्यात असत. ताई गेली तेव्हा ते टायर तपासत होते.

"मामा, मी रागावणार नाही. गोदामाच्या दिवशी पट्ट्यांचं काय झालं ते सांगा."

मामांनी आधी कानावर हात ठेवले. मग हातातलं फडकं घडी करत राहिले. मोठ्या माणसाला खोटं बोलताना पाहवत नाही, म्हणून ताई दुसरीकडे बघत होती.

"त्याची पट्टी लॉकरमध्ये राहिली होती," शेवटी मामा म्हणाले. "आंघोळीला काढलेली, आणि भोंगा झाला. गोदामापाशी पोचल्यावर लक्षात आलं. म्हणे मामा, ताई मला फाडून खाईल. गाडीत तुझी ती कोरी डबी होती. म्हटलं घाल ही, पट्टीला पट्टी. ती घालूनच आत गेला."

"शून्याची."

"हो. माझी चूक झाली."

ताईला हसूच आलं. इतक्या दिवसांचं कोडं सुटलं होतं. शून्यावर धूर का, तर शून्य आत गेलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं तिचं झालं.

"मग बाहेर आल्यावर ती काढून परत डबीत टाकली, एवढंच ना?"

मामांनी घडी केलेलं फडकं पुन्हा उलगडलं.

"मामा?"

"बाहेर आला तेव्हा हातात नऊ होती," मामा म्हणाले. "मी बघितली. आणि डबी उघडली तर शून्याची पट्टी तिच्यात. झाकण बंद होतं, ताई. मी तुला सांगणार होतो. पण काय सांगू? नऊ तर इथे लॉकरमध्ये होती. तिथे आणली कुणी?"

आवारात केंद्राचे साहेब सराव घेत होते. बाराही जण सिलिंडर लावून जिना चढउतार करत होते. बाकीच्यांचे मुखवटे आतून धुकटले होते. धाकट्याची काच लख्ख होती.

"त्याची शिट्टी आता वाजतच नाही," मामा हळूच म्हणाले. "परवा अर्धा तास आत होता. सिलिंडर काढलं तर भरलेलं. साहेब म्हणतात, ह्याच्यापासून शिका."

६

तिसरा तुकडा तिने गोदामाच्या आगीला तीन आठवडे झाले तेव्हा कापला. ह्या वेळी डबी उघडली आणि आधी आत पाहिलं. पत्रा आतून काळवंडला होता.

ताई हिशेबी बाई. घाबरली की ती आकडेमोड करायची. गोदामातल्या धुरात दर मिनिटाला किती जमा होतं हे तिला बाकी अकरा जणांच्या पट्ट्यांवरून माहीत होतं. शून्यावर तीन आठवड्यांत जेवढं जमलं, तेवढं तिथे दहा मिनिटांत जमलं असतं. म्हणजे इथला आठवडा, तिथली तीन-साडेतीन मिनिटं. धाकट्याचं सिलिंडर वीस मिनिटांचं. पंधराव्या मिनिटाला शिट्टी. इथले साडेचार आठवडे.

हे तिने पेन्सिलीने लिहिलं आणि खोडलं. शिकलेल्या माणसाने असले हिशेब मांडायचे नसतात. रबर कधीकधी आतलं बाहेर सोडतं, पत्रा गंजतो, कुलपांना दुसऱ्या किल्ल्या असतात. तिने अशी सात कारणं वहीत लिहिली आणि त्यातल्या एकावरही तिचा विश्वास बसला नाही.

अहवालाचा मसुदा तयार होता. त्यात गोदामानंतरच्या आकड्यांत नऊ नंबर सर्वांत खाली होता. असा जवान आगीवर सर्वांच्या पुढे ठेवावा, असं साहेबांनी समासात लिहिलं होतं. घरी धाकटा वेळेवर जेवत होता, आईला भाजी निवडून देत होता, खोकत नव्हता. ताईने वर्षभर मनात जे जे मागितलं होतं ते सगळं समोर बसून भाजी निवडत होतं. आणि तिला त्याच्याशेजारी बसवत नव्हतं.

७

पाचव्या आठवड्यात, सोमवारी, अकराच्या सुमाराला काकांनी मान वर केली.

"कुठेतरी गळतंय," ते म्हणाले.

बारीक, एकसुरी आवाज होता, सुई आत शिरावी तसा. प्रयोगशाळेत गॅसच्या टाक्या असतात आणि त्यांचे सांधे कधीमधी गळतात. काकांनी साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने एकेका सांध्याला लावत गेले. गळती असली की तिथे फुगा येतो. कुठेच फुगा आला नाही. त्यांनी टाक्या बंद केल्या. आवाज चालूच राहिला.

"तुझ्या कपाटाजवळ जास्त येतोय बघ."

"फ्रीजचा असेल," ताई म्हणाली.

"असेल," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून कानात कापूस घालून बसू लागले.

ताईला तो आवाज ओळखीचा होता. केंद्राच्या वार्षिक दिवशी धाकट्याने तिला सिलिंडर लावून दाखवलं होतं, शिट्टी वाजवून दाखवली होती आणि म्हणाला होता, "ही वाजली की घाबरायचं नाही, ताई. ही थांबली की घाबरायचं."

आठवडाभर ती कपाटाकडे पाठ करून बसली. तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय म्हणणार होती?

८

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, काका जेवायला गेले तेव्हा आवाज अडखळू लागला. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा, आणि प्रत्येक वेळी थोडा बारीक.

ताईने कुलूप काढलं. डबी गरम होती, चहाच्या कपाएवढी. ती टेबलावर ठेवून तिने झाकण उघडलं.

आतल्या काजळीत कडेकडेने एक पट्टा पुसलेला होता. नीट पाहिलं तर एक नव्हता, चार बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी, बोटांच्या सांध्यांनी काढल्यासारख्या. त्या डबीच्या भिंतीवरून गोल फिरून जिथे सुरू झाल्या तिथेच येत होत्या, आणि त्याच वाटेने इतक्या वेळा गेल्या होत्या की खालचा पत्रा चकाकत होता. भिंत सोडायची नाही, भिंत दाराशी नेते. गोल डबीला दार कुठलं असणार?

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता आणि सवयीने तिचा हात झाकणाकडे गेला. एक मिनिट. तिने हात मागे घेतला.

मोबाइल वाजला. पडद्यावर धाकट्याचं नाव होतं.

"ताई," तो म्हणाला, "झाकण लाव."

"कसलं झाकण?"

"एक मिनिट होऊन गेलं." त्याचा आवाज नेहमीचाच होता. मागे आईच्या शिवणाच्या मशीनची खडखड ऐकू येत होती. "तुझाच नियम आहे."

शिट्टी अडखळली आणि पुन्हा लागली.

"मला खोकला नाही," फोनमधला म्हणाला. "धूर लागत नाही. आई खूश आहे. तुला हेच हवं होतं ना, ताई?"

"हो," ताई म्हणाली, कारण ते खरं होतं.

"मग लाव झाकण."

तिने मोबाइल टेबलावर उताणा ठेवला. त्यातून तो बोलतच होता, न चिडता, एकेक शब्द स्पष्ट. ताईने उजव्या हाताचा मोजा काढला. कोऱ्या पट्टीजवळ उघडा हात न्यायचा नाही, हा पहिला धडा ती सगळ्यांना देत आली होती. तिने चार बोटं जुळवली, आखडली आणि डबीत घातली, मागची बाजू भिंतीला लावून, त्या चार रेघांच्या बरोबर वाटेत.

पत्रा भाजत होता. शिट्टी एकदम थांबली.

ताईने श्वास धरून ठेवला. फोनमध्ये कुणीतरी पुन्हा तेच म्हणालं.

मग तिच्या बोटांच्या सांध्यांना काहीतरी लागलं. गरम, खरबरीत, थकलेलं. लागलं, थांबलं, आणि दोनदा टेकलं.

तिने उलट दोनदा टेकवलं, आणि हात तिथेच ठेवला.